तणसाचा ब्रेक

जागेश्वर मामा भाच्याच्या पाया पडायचे. मामा पासष्टचे, भाचा दुर्गाप्रसाद बेचाळीसचा. तरी तो दिसला की मामा वाकणारच. त्यांच्या पोवार समाजात भाचा देवाच्या बरोबरीचा. त्याला काम सांगायचं नाही, आणि त्याने तोंडाने काही मागितलंच तर नाही म्हणायचं नाही. बाकीच्यांना हा रिवाज होता, मामांना त्याची गोडी होती. वाकलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं. दुर्गाप्रसाद दर वेळी पाय मागे घ्यायचा आणि दर वेळी त्याला जरासा उशीर व्हायचा.

उशीर होणं खरं तर त्याच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. कोहमाऱ्याच्या चौकात वीस वर्षं तो ट्रकांचे ब्रेक करत होता. रायपूरकडून येणारा ट्रक चौकात उभा राहायच्या आधीच तो चहाचा कप खाली न ठेवता सांगायचा, "मागचं डावं चाक. लायनर गेला." माणसंही तो याच मापाने मोजायचा. अमका दाबल्याबरोबर थांबतो. तमका थांबतो, पण आधी दोघाचौघांना घासून. मामांच्या बाबतीत त्याचा अंदाज असा होता, की त्यांना ब्रेक आहे, पण तो दुसऱ्याच्या पायाखाली.

दोन हजार बाराच्या वैशाखात दुर्गाप्रसादच्या लेकीचं, भूमेश्वरीचं लग्न ठरलं. मामांनी जाहीर केलं, लग्न आपल्याच लॉनवर. मामाकडचा आहेर समजा. हायवेला लागून त्यांच्या धानाच्या बांध्या होत्या, त्या सपाट करून त्यांनी हे लॉन काढलं होतं. रस्ता वर, लॉन खाली. गेटपासून मंडपापर्यंत सिमेंटचा उतार, उताराच्या शेवटी डावीकडे वळलं की स्टेज. न वळता सरळ गेलं की बोडी. वैशाखातही तिच्यात छातीएवढं पाणी असायचं.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी दुर्गाप्रसाद मंडप बघायला गेला. मामा गेटवरच वाकले, उठले आणि म्हणाले, "ये, तुले एक चीज दाखवतो."

चीज म्हणजे चार चाकांची, छत असलेली, बॅटरीवर चालणारी गाडी. गोल्फ खेळणारे साहेब लोक हिच्यात बसून मैदानभर फिरतात, असं मामांनी सांगितलं. नागपूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबातून त्यांनी ती दोन वर्षांपूर्वी आणली होती. छताला झेंडूच्या माळा, पुढे कागदाचा मोर. मोराच्या मागे गाडी किती जुनी आहे ते झाकलं जात होतं, म्हणजे जवळजवळ.

"नवरा-नवरी गेटपासून स्टेजपर्यंत हिच्यात बसून येतीन. तुह्या व्याह्याले फोन करून सांगितलं मी. त्यानं अख्ख्या गावाले सांगितलं. बस, बस. पयला मान भाच्याचा."

चालवायला मंगरू होता. लॉनचा राखणदार, साठीचा, अंगाने काटक. त्याने गाडी उताराला लावली. अर्ध्यावर वेग आला तसा त्याने ब्रेक दाबला. पायडल थेट तळाला टेकलं. मागून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, आणि गाडीला त्यातलं काही कळलं नाही. दुर्गाप्रसादने छताचा दांडा धरला. मंगरूने शांतपणे स्टिअरिंग सरळ ठेवलं आणि गाडी बोडीच्या काठावरच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात छातीपर्यंत घुसवली. मोराची मान मोडली.

"हे काय रे मंगरू?"

"ब्रेक," मंगरू म्हणाला आणि केसांतलं तणस झटकू लागला. "रोज इथंच थांबते."

"आन् लग्नाच्या दिवशी?"

"तवा ढीग राहत नाही इथं. मंडपवाले उचलतेत. फोटोत बरा नाही दिसत म्हणतेत."

मग आतापर्यंत लग्नात ती थांबायची कशी, ते मंगरूने सांगितलं. लग्नात ती चाललीच नव्हती. एरवी मंगरू तिच्यात सामान वाहायचा; लग्नाच्या दिवशी ती नुसती स्टेजजवळ उभी असायची, लेकरं बसून फोटो काढायची. उद्याच पहिल्यांदा नवरा-नवरीला घेऊन उतरणार होती. भाच्याच्या लेकीसाठी.

दुर्गाप्रसाद खाली उतरला आणि मागच्या चाकाशी वाकला. तेवढ्यात मामा उतारावरून धावत आले.

"अरे, अरे! कायले खाली बसून राहिला? उठ!"

"मामा, हिचे ब्रेकचे शू संपले. दोन तासांचं काम हाय. दुकानातून पाने घेऊन येतो."

मामांनी दोन्ही कान धरले. "माह्या गाडीखाली भाचा झोपवू? हात काळे करू तुहे? तुही माय वरून पाहून राहिली असंल. मले कोणत्या नरकात जागा देतीन?"

"मंग दुसऱ्या कोणाले बोलवा."

"बोलावला ना. नागपूरचा मिस्त्री सोमवारी येतो."

लग्न शनिवारी होतं. उद्या.

दुर्गाप्रसादने आपल्या दुकानातल्या दोन्ही मिस्त्र्यांना फोन लावला. मालकाच्या पोरीचं लग्न म्हणून त्याने स्वतःच त्यांना सुट्टी दिली होती. एक पत्रिका वाटत दरेकशाला पोचला होता, दुसऱ्याचा फोन बंद होता. मग त्याने गाडीच रद्द करायचं ठरवलं आणि घरी फोन केला. भूमेश्वरीने तो बोलायच्या आधीच विचारलं, "बाबा, पाहिली का गाडी? मोर हाय म्हणते ना तिले? मैत्रिणीयले सांगून ठेवलं मी."

"हाय," दुर्गाप्रसाद म्हणाला. "मोर हाय."

मामांना मात्र त्याने स्पष्ट सांगितलं, गाडी नको. मामांच्या डोळ्यांत लगेच पाणी आलं. ते पाणी किती लगेच आलं, याची दुर्गाप्रसादने मनात नोंद केली. मामा मंडपवाल्यांकडे वळून म्हणाले, "ऐकलं का? मामाचा आहेर वापस करून राहिला माहा भाचा." मंडपवाले काम थांबवून बघू लागले. व्याह्यांनी सगळ्या गावाला सांगितलेलं, लेकीने मैत्रिणींना, आणि आता हे. जिकडे वळावं तिकडे कोणीतरी मानपान घेऊन उभं.

तो मोटारसायकलवर दुकानात गेला, हत्यारांची पेटी घेऊन आला आणि मामा दिसत नाहीत असं बघून गाडीकडे सरकला. तिथे शांतीबाई मामी प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि जागी चिवड्याची प्लेट दिली.

"खा. पाहुण्यानं खावं."

"मामी, उद्या पोरगी बोडीत जाईन."

"असं अभद्र बोलू नोको लगनघरात."

मंडपाच्या मधोमध त्याला खुर्ची दिली. मागे पंखा लावला, पुढे सरबत आलं. वीस वर्षं ज्याच्या हातावर ट्रकवाल्यांनी जीव सोपवले, त्याला त्याच्याच लेकीच्या गाडीला हात लावायची सोय नव्हती. खुर्चीचे हात त्याच्या कमरेला दोन्हीकडून लागत होते. समोर मंडपवाल्यांनी तणसाचा ढीग उचलायला सुरुवात केली. एक भारा गेला. दुसरा गेला. मागची बोडी थोडी थोडी दिसू लागली.

पाचवा भारा गेला तेव्हा तो खुर्चीसकट उठला. खुर्ची जरा वेळ अडकून मग खाली पडली.

"मामा!"

सगळे थांबले. मामा लगबगीने आले आणि सवयीने वाकू लागले.

"वाकू नोका. मी काही मागतो तुमाले."

बेचाळीस वर्षांत दुर्गाप्रसादने मामाकडे काही मागितलं नव्हतं. आईनेच सांगून ठेवलं होतं, त्याच्याकडून घेऊ नको, त्याचं घेतलेलं कधी संपत नाही. आज तिचं ऐकून भागणार नव्हतं.

"ही गाडी मले द्या."

मामांनी गाडीकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं. मग म्हणाले, "दिली."

दिली, हे फार लवकर आलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी दुर्गाप्रसादच्या कानाने ते पकडलं असतं. मामींनी तांब्या आणला, तोही जणू भरूनच ठेवलेला होता. मामांनी त्याच्या हातावर पाणी सोडलं, कपाळाला कुंकू लावलं आणि चारचौघांसमोर म्हणाले, "आजपासून गाडी भाच्याची. मंगरू, चाबी दे."

"आता मी आपल्या गाडीचं काम करून राहिलो," दुर्गाप्रसाद म्हणाला.

"कर बापा. आपल्या वस्तूचं काम माणूस आपणच करते. मी कोण बोलणारा?"

त्याने शर्ट काढून खुंटीला टांगला. पुढच्या चाकांना विटा लावल्या, बॅटरीची वायर सोडवली, मागून जॅक दिला. चाक निघालं, ड्रम निघेना. लाकडाचा ठोकळा ठेवून चारी बाजूंनी ठोकत ठोकत त्याने तो ओढला तेव्हा आतून मूठभर तणसाचा भुगा पडला. उजव्या शूवर लायनर कागदाएवढा उरला होता. डावीकडे तोही नव्हता; उघड्या रिबिटांनी ड्रमला गोल चरे पाडले होते. या मापाचे शू कोहमाऱ्यात मिळणं शक्य नव्हतं. त्याने दुकानातून ऑटोरिक्षाचे लायनर आणले, कापले, कानशीने घासून गोलाईला आणले आणि पितळी रिबिट ठोकून जुन्याच शूवर बसवले. ड्रम आतून पॉलिश पेपरने साफ केले. ब्रेकची केबल मंगरूने सुतळीने बांधून ठेवली होती. ती बदलून त्याने दोन्ही बाजूंचा ताण सारखा केला.

"सुतळी चांगली होती," मंगरू म्हणाला.

"तणसापुरती."

दुपार कलताना त्याने स्वतः गाडी गेटवर नेली आणि उतारावर सोडली. अर्ध्यावर दाबलं. गाडी जागच्या जागी उभी राहिली. शेजारी बसलेला मंगरू मात्र पुढच्या काचेपर्यंत गेला. तीनदा केलं, तिन्हीदा उभी. दुर्गाप्रसादला सकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. मंगरूने कपाळ चोळत सांगितलं, "मी नाही चालवत आता. हिचं काही खरं नाही. मधातच थांबते."

म्हणून दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर नवरीचा बाप नवा फेटा बांधून ड्रायव्हर झाला. मागे भूमेश्वरी, बाजूला नवरदेव, पुढे बँडवाले. उतार सुरू झाला तसा त्याने पाय पायडलवर ठेवला आणि इतका हळू नेला, की बँडवाले दोनदा पुढे जाऊन परत आले.

"बाबा, अशानं मुहूर्त जाईन," भूमेश्वरी मागून कुजबुजली.

"जाऊ दे," तो म्हणाला.

पण गाडी स्टेजपाशी पोचलीच. तो उतरू शकला नाही. फोटोवाल्याने त्याला हलू नका म्हणून सांगितलं होतं. लेक त्याच्या पाठीमागून उतरली आणि माळ घेऊन निघून गेली.

पाठवणी झाल्यावर त्याने मामांच्या हातात चाबी ठेवली. मामांनी विस्तव लागल्यासारखा हात ओढला.

"दिलेलं दान वापस? मले पापात टाकतो का?"

"मंग इथंच ठेवा."

"दुसऱ्याची वस्तू माह्या दारात? लोक काय म्हणतीन?"

शांतीबाई मामी पानाला चुना लावत होत्या. त्या सहज बोलून गेल्या, "दोन सालापासून म्हणून राहिले, हे धूड कोणाच्या गळ्यात घालू. शेवटी आपल्याच माणसाच्या कामी आलं."

मामाचं दान विकताही येत नाही. गाडी दुर्गाप्रसादच्या दुकानापुढे उभी राहिली. ट्रकांना आत घ्यायचं तर आधी तिला बाहेर काढावं लागे. चौथ्या दिवशी मंगरू डबा घेऊन आला आणि गाडीच्या मागच्या सीटवर बसला. "लॉनवर मले झाडू मारा लावतेत," तो म्हणाला. "माहं काम गाडीचं. गाडी इथं, तं मी इथं." पाचव्या दिवशी मामांचा फोन आला. पाहुण्यांनी नवरीची गाडी पाहिली होती. आता या हंगामातल्या प्रत्येक लग्नवाल्याला ती पाहिजे होती, आणि मामांनी सगळ्यांना हो म्हटलं होतं.

"तुले काम नाही सांगत मी, भाचा. ते मी कधी सांगीन? तू फक्त तुही गाडी घेऊन ये. आन् तुह्याशिवाय ती कोणाच्या हातानं थांबत नाही, त्याले मी काय करू?"

भूमेश्वरीचं लग्न त्याच लॉनवर झालं होतं. नाही म्हणायला दुर्गाप्रसादला तोंड नव्हतं.

पुढच्या लग्नाला तो फेटा बांधून गेटवर पोचला. कोणाची तरी लेक मागे बसली होती, कागदाच्या मोराला नवी मान आली होती, आणि गाडी उताराच्या तोंडावर उभी होती. बँड वाजला. गर्दीतून मामा हात जोडत आले आणि वाकले.

या वेळी दुर्गाप्रसादने पाय मागे घेतला नाही. तो ब्रेकवर होता.