भेटीच्या तासातली झोप

लॉन्ड्रीतल्या बाईला झोपेची धास्ती होती. नवरा होता तेव्हा तो तिला केस ओढून झोपेतून उठवायचा. तो कायमचा निघून गेला, तरी डोळा लागला की ती दचकून उठून बसायची. शेजारणीने झोपेची गोळी दिली. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या पाच. एका दुपारी ती अशी निपचित पडली, की तिची चार वर्षांची मुलगी भिंगरी हाका मारून मारून थकली आणि अनवाणी मोठ्या रस्त्यावर गेली. एका बसड्रायव्हरने तिला उचललं. तेव्हापासून मुलगी सरकारने नेमलेल्या दुसऱ्या घरी, आणि आईच्या वाट्याला आठवड्यातून भेटीचा एक तास.

गोळ्या सोडून सात महिने झाले होते. दिवसभर इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करायची आणि रात्री छताकडे बघत पडायचं.

त्या बुधवारी भेटीच्या खोलीत भिंगरी आली ती पेंगुळलेलीच.

"आई, तुला गरम गरम वास येतो," म्हणत मांडीवर चढली आणि झोपून गेली.

कोपऱ्यात बालकल्याणच्या ताई भेटीची नोंद करायला वही घेऊन बसल्या होत्या. तास असाच जायचा! पण झोपलेल्या जिवाला उठवायला तिचा हात धजेना. खिडकीतलं ऊन जमिनीवरून हळूहळू सरकत होतं. पडदा फुगायचा, बसायचा. मुलीचा श्वासही तसाच. आपण दोघी ऊबदार, पांढऱ्या चादरींच्या ढिगात खाली खाली उतरतोय, असं तिला वाटत गेलं. तळ येत नव्हता, आणि भीतीही वाटत नव्हती.

"अहो, उठता ना?" खांद्यावर ताईंचा हात होता, अगदी हलका. तास संपून दहा मिनिटं झाली होती.

"ताई, शप्पथ, गोळी नाही घेतली!"

"तपासणी करावी लागेल. माझ्या हातात नाही ते."

"करा. आत्ताच्या आत्ता करा."

"आई घोरत होती," भिंगरीने डोळे चोळत चहाडी केली. ताईंना हसू आवरेना.

तपासणीत काही निघालं नाही. ताईंनी अहवालात लिहिलं, 'दोघी शांत झोपल्या. आईने झोपेतही मुलीला धरून ठेवलं होतं.' पुढच्या महिन्यापासून भेट दोन तासांची झाली.

मुलगी घरी यायला मात्र आणखी दीड वर्ष गेलं. मधे एकदा बाईने पुन्हा गोळी घेतली. तिने स्वतःच जाऊन ताईंना सांगितलं.

भिंगरी आली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले होते. "मला इथलं काहीच आठवत नाही," ती दारातच म्हणाली.

आईने तिचा हात धरला आणि एकेक कपाट उघडून दाखवायला सुरुवात केली.