कोटांमागचं दार

“पावती हरवली हो काका,” म्हणत गिऱ्हाईक काउंटरला टेकलं. घडीकाकांनी मान वर केली, तर समोर त्यांचा जावई.

दोघांचीही बोबडी वळली. जावयाच्या मागे त्याला इथे घेऊन आलेले ऑफिसातले दोन मित्र होते; सासऱ्यांची लॉन्ड्री त्याने कधी पाहिलीच नव्हती. “मामा, तुम्ही मला पाहिलं नाही, मी तुम्हाला नाही,” तो ओठांतल्या ओठांत पुटपुटला.

घडीकाकांनी काउंटरखालची कळ पायाने दाबली. टांगलेल्या कोटांमागची भिंत सरकली आणि तिघं आत गेले. सुटलो एकदाचा, या आनंदात जावई मोठ्याने हसला. हसता हसता शेवटी उचकीसारखा श्वास ओढायची त्याची लकब होती.

लॉन्ड्री खरी होती तेव्हा हरवलेल्या पावतीवरून घडीकाकांनी गिऱ्हाइकांशी किती भांडणं केली होती; आता तोच आत जायचा परवलीचा शब्द होता. नव्या मालकाने मागे बार काढला आणि बाहेरचं सगळं तसंच ठेवलं: काउंटर, कोणी न नेलेले कपडे आणि घडीकाका. शहरात अशा चोरट्या बारची टूमच निघाली होती. कुठे न्हाव्याच्या आरशामागे, कुठे फ्रीजच्या दारातून. दारू काय कुठेही मिळाली असती, लोकांना हौस होती लपायची. घरी मात्र घडीकाका अजून लॉन्ड्रीतच होते. घरचे कपडे पलीकडच्या गल्लीतून पैसे देऊन धुऊन आणायचे आणि आपलीच करामत म्हणून मिरवायचे.

याच माणसाने चार नातेवाइकांसमोर जावयाला ठणकावलं होतं, “एक तर बाटली, नाहीतर माझी मुलगी.” जावयाने शपथ घेतली आणि रुसून माहेरी आलेली लेक बापाच्या शब्दावर परत नांदायला गेली.

दाराची घंटी वाजली. लेकच होती.

“फोन तरी करायचास,” घडीकाका उठले.

“फोन केला की म्हणता, राहू दे, मी घेऊन जातो.” तिने निळा कोट काउंटरवर ठेवला. “ह्यांचा आहे. सोमवारी मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचंय. त्यांना न सांगता आणलाय. खूप दिवस झाले बाबा, बाटलीला हात नाही लावला त्यांनी. तुम्ही बोललात म्हणून झालं.”

घडीकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “बरं, ठेव. नीघ तू आता.”

“हाकलताय काय? पाणी तरी द्या.” ती स्टुलावर टेकली. “संत्र्याच्या सालीचा वास कसला येतोय?”

“नवा साबण आहे.”

“आणि हे धाडधाड?”

“मशीन.”

तेवढ्यात नटूनथटून एक जोडपं आत आलं. “काका, पावती हरवली.”

“उद्या या.”

“अहो, पावती हरवली म्हणतोय मी,” तो माणूस डोळा मारत म्हणाला.

“पावतीशिवाय कपडे मिळत नाहीत.” घडीकाकांचा जुना आवाज आपोआप लागला. वर मालकाचा कॅमेरा होता. नोकरी जाणार हे त्यांना कळत होतं, पण जोडपं पाय आपटत गेलं तेव्हा त्यांना हायसं वाटलं.

“असं काय करता?” लेक म्हणाली. “बिचारे कुठून आले असतील.”

तिचं बोलणं संपायच्या आत भिंत आतूनच सरकली. कोटांमधून एक अनोळखी पोरगी फोन कानाला लावून बाहेर आली आणि थेट रस्त्यावर गेली. भिंत मिटेपर्यंत आतलं हसू बाहेर येत राहिलं. शेवटी उचकीसारखा श्वास.

लेकीने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

“बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“मीच दार उघडलं त्याला.” आणखी खोटं बोलायचं त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. “लॉन्ड्री कधीच बंद झाली, बाळा. मला लाज वाटली सांगायची.”

ती रडली नाही. पिशवी उचलून दारापर्यंत गेली. “मी आईकडे जाते.”

“आणि कोट?”

“कॉलरला डाग आहे,” ती पाठमोरीच म्हणाली. “तेवढा काढा.”

शोभेसाठी मांडलेल्या सामानातून घडीकाकांनी आपला जुना ब्रश काढला. अधूनमधून पाणी शिंपडून, कॉलर बोटांवर ताणून ते हळूहळू घासत राहिले. डाग निघाला. मग त्यांनी कोट रांगेत भिंतीतल्या दाराच्या बरोबर मधोमध लावला, बटणं आतल्या बाजूला करून, बाहेर येणाऱ्याच्या तोंडासमोरच येईल असा.

घंटी वाजली. “पावती हरवली,” कोणीतरी म्हणालं. घडीकाकांनी तिकडे पाहिलं नाही. कळेवरचा पाय काढून ते स्टुलावर बसले होते आणि भिंत आतून उघडायची वाट पाहत होते.