गारवाबाबांचं कापड

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावरच्या टेबलावर एक मोबाइल धडधडून पेटला होता आणि गारवाबाबा शांतपणे बघत उभे होते. मग त्यांनी निळ्या कापडाचा चौकोन त्याच्यावर टाकला. आग विझली. बाबांनी फोन उचलून गालाला लावला, म्हणाले, "गार." टाळ्या थांबता थांबेनात.

बाबांचं म्हणणं असं, की बॅटरीलाही राग येतो. मायेनं पांघरूण घातलं की ती निजते. फोनला एक कापड पुरे, विमानानं जाणाऱ्यानं मात्र तीन घ्यावीत, कारण उंचावर राग वाढतो. जिभेला हाड नसलं की माणूस काय वाटेल ते बोलतो, आणि लोक माना डोलावतात.

तिसऱ्या रांगेत आईशेजारी बसलेल्या ताईच्या अंगाची लाही लाही होत होती. बावीस वर्षं ती विमानात सेविका होती. आता नव्या मुलामुलींना शिकवत होती, प्रवाशाच्या सामानातली बॅटरी पेटली तर काय करायचं ते. आणि तिचाच धाकटा भाऊ दीड महिन्यापूर्वी विमानात भाजला, चौथ्या दिवशी गेला. त्याची पॉवर बँक आईनं याच कापडात गुंडाळून दिली होती.

आईला बाबांना एकच विचारायचं होतं. ती उभी राहिली. कापड असून माझा मुलगा कसा जळला, म्हणाली.

बाबांनी डोळे मिटले. कापड कधी धुतलं होतं का, त्यांनी विचारलं. मळलं होतं म्हणून एकदा साबणानं धुतलं, आईनं सांगून टाकलं.

"मग बाई, शक्ती तुम्हीच धुऊन टाकलीत," बाबा म्हणाले.

आई मटकन खाली बसली. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही भर सभेत! गप्प बसायचं ठरवून आलेली ताई उठली आणि थेट व्यासपीठावर गेली. कुणी अडवायच्या आत तिनं तो फोन उचलून त्याचं झाकण उचकटलं. आत बॅटरी नव्हतीच. होता स्पिरिटचा वास मारणारा करपलेला कापूस.

स्पिरिटची आग झाकली की तिची हवा तुटते आणि ती विझते, तिनं सगळ्यांना सांगितलं. खरी बॅटरी आतून तापते. वरच्या ज्वाळा गेल्या तरी पुन्हा भडकते. तिला गुंडाळलं तर उष्णता आतच कोंडते. म्हणून विमानात आधी ज्वाळा विझवतात, मग पाणी ओततात, ओततच राहतात, आणि ती वस्तू कितीतरी वेळ हातात घेत नाहीत. बाबांनी तर लगेच गालाला लावली.

बाबा श्रद्धेबद्दल काहीतरी पुटपुटले. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वर येऊन कापूस हुंगला आणि आपली तिन्ही कापडं टेबलावर ठेवून ते खाली उतरले.

"म्हणजे मी धुतलं म्हणून नाही?" आईनं बसल्या जागेवरून विचारलं.

"नाही आई. धुतलं काय, न धुतलं काय, ते नुसतं कापडच होतं."

"मग तो कशानं गेला?"

हेच ताईनं आईपासून लपवलं होतं. दवाखान्यात भावानं तिला सगळं सांगितलं होतं. धूर दिसला तेव्हा त्याचा हात डोक्यावरच्या, सेविकेला बोलवायच्या बटणाकडे गेला होता. मग वाटलं, आईनं कापड दिलंय, निजेल. उगाच लोकांना कशाला घाबरवायचं? पॉवर बँकेची पिशवी त्यानं पोटाशी घट्ट धरली. ताईला खोटं बोलता आलं असतं, बोलावंसं वाटतही होतं. पण खोट्यानंच तर भाऊ नेला होता.

"त्यानं बटण दाबलं नाही, आई. कापडावर भरवसा ठेवून बसला. पाणी फक्त सहा रांगा पलीकडे होतं."

ताई खाली येऊन तिच्या पायाशी बसली, तिचे हात धरले. दोघी रडत होत्या. मग आईनं पदरानं तोंड पुसलं आणि ती मागच्या रांगांकडे वळली.

"तुमची मुलं विमानानं जात असतील," ती म्हणाली. "त्यांना सांगा, काही तापलं, धूर आला, तर आधी बटण दाबा. लाजू नका. कुणी काही बांधून दिलं असेल, ते आईनं दिलेलं असलं तरी त्याच्यावर विसंबू नका. माझा मुलगा शहाणा होता हो. माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच त्याचं चुकलं."