एकशे अठ्ठ्याहत्तर

पिंकीनं सिंधूताईंच्या दंडावरचा पट्टा सोडला, आकडा पाहिला आणि पट्टा पुन्हा गुंडाळला. दुसऱ्यांदाही तेच.

"बाई, मशीन बिघडली वाटते. सहाच्या सहा जणींचं एकच बीपी येऊन राह्यलं. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे आठ."

"एकाच पिठाचे लाडू आहो आम्ही," सिंधूताई म्हणाल्या. कोणी हसलं नाही.

हुडकेश्वरच्या त्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जात. मालकीण रुख्मिणीबाई कापणीच्या टेबलापाशी हातात खडू धरून उभ्या होत्या. मागच्या आठवड्यात रोशनी शिवताशिवता चक्कर येऊन पडली, म्हणून त्यांनीच ओळखीच्या नर्सला, पिंकीला, चिठ्ठी पाठवून बोलावलं होतं. कारखान्यात पाय ठेवला की सांजवातीपर्यंत त्यांचं मौन असे.

आकडा ऐकला आणि खडू त्यांच्या बोटांत मोडला. तो आकडा त्यांचा होता.

तीन वर्षांपूर्वी एका उसवलेल्या खिशावरून ओरडता ओरडता त्या इथंच कोसळल्या होत्या. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी हाच आकडा कागदावर लिहून खाली दोन रेघा ओढल्या. राग तुम्हाला घेऊन जाईल, म्हणाले. त्याच संध्याकाळी त्यांनी देवीपुढे मौनाचा संकल्प सोडला. व्रत फळलं. आज सगळ्यांत आधी पिंकीनं त्यांचंच बीपी पाहिलं होतं: एकशे वीस, ऐंशी.

तेव्हापासून चूक दिसली की त्या कपड्यावर खडूनं फुली मारत आणि जिची चूक तिच्या पुढ्यात ठेवत. काय चुकलं, ते तिनं शोधायचं. गेल्या दिवाळीत रंभाबाई अख्खी दुपार एक फुली न्याहाळत बसली. संध्याकाळी तिचं तोंड वाकडं झालं, ते अजून सरळ नाही.

"मावशी, एवढं कशाचं टेन्शन वं?" पिंकीनं सिंधूताईंना विचारलं.

"आधी बाई शिव्या द्यायच्या, मंग दुपारून सोताच चहा पाजायच्या. मोकळं होऊन जाय. आता बाई बोलत नाही, पर आमाले ऐकू येते. घरी गेलं तरी."

"काय ऐकू येते?"

"शिव्या. बाईच्याच आवाजात."

बाकीच्या पाच माना एकाच वेळी हलल्या.

सिंधूताईंच्या मांडीवर फुली मारलेला सदरा होता. त्यांची बोटं कॉलरवरून फिरत होती, पुन्हा पुन्हा. ओठाचा डावा कोपरा किंचित खाली ओघळला होता.

रुख्मिणीबाईंनी भिंतीवरच्या देवीकडे पाहिलं. सांजवातीला अजून पाच तास होते. त्यांनी हात जोडले, कानाला लावले.

"डावी बाही उजवीकडं लागली." आवाज गंजल्यासारखा निघाला. "एवढंच होतं, सिंधूताई."

सिंधूताईंनी सदरा उलटा करून बाही पाहिली.

"अवं बाई, मंग सांगा ना! सकाळपासून कॉलरच पाहून राह्यली मी!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच. पिंकीनं सिंधूताईंना पुन्हा पट्टा बांधला.

"एकशे तीस! सुधरली मशीन."

रुख्मिणीबाई पिंकीपुढच्या स्टुलावर बसल्या. पदर सारून त्यांनी दंड पुढे केला. पट्टा फुगला, सुटला. मघाचा सहा जणींचा आकडा पाहून पिंकीचं हसू तिथंच थांबलं. तिनं तोंड उघडलं.

"राहू दे," रुख्मिणीबाई हळूच म्हणाल्या. मग वळून हाक मारली, "रोशनी, चहा ठेव वं. साऱ्यांचा."