पाण्याची सहा अंडी

लातूर जिल्हा झाला त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्याकोऱ्या आणि नळ नुसतेच कोरडे. अशा उन्हाळ्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रुद्राणीने एक खटाटोप मांडला होता. दरसाल कोंबड्या लोळवणाऱ्या मानमोडीचा विषाणू उबवत्या अंड्यात टोचायचा, पाठोपाठ गुळवेलीचा रस टोचायचा आणि आतलं पिल्लू वाचतं का ते बघायचं. परभणीहून तिच्या संशोधनाला मार्गदर्शन करणाऱ्या रेवणप्पा सरांनी बजावलं होतं, यंदा हाती काही लागलं नाही तर विषय बदला.

रुद्राणी पडली लिंगायत घरची; उभ्या जन्मात अंड्याला हात लावलेला नाही. बाजारातून दोन डझन पांढरीशुभ्र अंडी आणून तिने उबवणीच्या पेटीत दहा दिवस देवासारखी जपली. आत काही हलेना. शेवटी प्रयोगशाळा झाडणाऱ्या केवळाबाईने एक अंडं उजेडाकडे धरून पाहिलं.

"बाई, ही पोल्ट्रीची हायेत. तिथं कोंबडाच नसतोय. पिल्लू काय सरकार देतंय?"

रुद्राणीने कपाळावर हात मारला. सरांनी धाडलेली विषाणूची बाटली थर्मासातल्या बर्फात दुसऱ्याच दिवशीच्या एसटीने यायची होती. आता नवी अंडी उबवायची कधी? तेव्हा केवळाबाईच पदराखाली टोपली घेऊन आली. तिच्या खुडूक कोंबड्यांखालची दहा दिवसांची बारा अंडी होती. मानमोडीने तिचं खुराडं कितीदा ओस पाडलेलं, आणि या दुष्काळात तर तिने आपल्या वाट्याच्या घागरीतलं पाणी पाजून तीन कोंबड्या जगवल्या होत्या.

"समद्यांला औषध देताव न्हवं?"

"नाही मावशी. विषाणू बाराच्या बाराला, पण रस सहालाच. बाकी सहाला नुसतं पाणी. नाहीतर रसानं वाचली की आपसूक, ते कळणार कसं?"

"म्हंजे सहा जाणून मारायची?"

रुद्राणीला वाईट वाटलं, पण इलाज नव्हता. दोन तपकिरी बाटल्या भरून तिने चिठ्ठ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी तिने सुई टोचली आणि केवळाबाईने मुकाट्याने मेणाने भोकं बुजवली.

चौथ्या दिवशी अंडी दिव्यासमोर धरली. रसाची सहाही जिवंत. रुद्राणी हरखली. मग पाण्याची धरली, तर तीही सहाही जिवंत. बर्फ वितळून विषाणूच वाटेत मेला असणार, गेलं वर्ष.

"त्वांड पाडू नका, बाई. पाण्याच्या बाटलीत मीच रातच्याला उरलेला रस भरला व्हता. जीव धजंना माझा."

"आणि त्यातलं पाणी?"

"पिले मी. या दिवसांत कोण वतून देतंय?"

रुद्राणी आधी संतापली, मग हसत सुटली. रस लागू पडला की विषाणू मेलेलाच होता? आता ते कुणालाच सांगता येणार नव्हतं. 'बारा वाचली' एवढंच लिहून धाडायचा मोह तिला झाला. पण तिने सगळं लिहिलं, पाणी कोण प्यालं तेसुद्धा.

आठवड्याने सरांचं कार्ड आलं. विषय राहू द्या, नवी बाटली पाठवतो.

रुद्राणीने केवळाबाईला समोर बसवलं. "मावशी, पाण्याच्या सहांनीच सांगितलं असतं, तुमचं खुराडं या रसाच्या भरवशावर सोडायचं की नाही."

नव्या टोपलीची वेळ आली तेव्हा केवळाबाईनेच पेन्सिल मागून घेतली. एकेक अंडं दिव्यासमोर धरून तिने आतली धडधड पाहिली, आणि आपल्या हाताने सहांवर फुली मारली.

"ही पाण्याची," ती डोळे पुसत म्हणाली. "आन् बाटल्या कुलपात ठिवा, बाई. माझा भरवसा न्हाई."