शुक्रवारी मेलेली माणसं

दत्तोबा आबांच्या खाटेला मेंढीच्या गळ्यातली घंटी बांधलेली होती. मेंढरं विकून कैक वर्षं झाली, रानात ऊस उभा राहिला, पण घंटी काही आबांनी विकली नाही. चहा पाहिजे, घंटी. चहा आला पण साखर जास्त पडली, परत घंटी. ती वाजली की सुनेनं, म्हणजे सारजानं, हातातलं टाकून धावत यायचं. हे बघून पलीकडच्या खोलीत आबांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, पितळेची थाळी उशाशी घेतली. म्हाताऱ्याला घंटी आणि मी काय घसा फोडू का, असं त्यांचं म्हणणं. मग आबांची घंटी वाजली की पाठोपाठ प्रयागबाईंची थाळी वाजायची, काम असो नसो. सणसर गावात नवा आलेला माणूस रस्त्यावरनं जाताना विचारायचा, आरती कुठल्या देवळात चाललीय?

सारजा वाईट सून नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही भलतंच काहीतरी समजाल. तिनं माणसं मारली हे खरं आहे. पण का मारली ते ऐका.

तिचा नवरा संभाजी बारामती ते इंदापूर वडापची जीप चालवायचा. सोमवार ते शनिवार जीपमध्ये माणूस माणसाच्या मांडीवर बसलेला, आणि रविवारी तीच जीप दारात रिकामी. ती बघून सारजा चरफडायची. लोक पैसे देऊन हिच्यात लोंबकळतात आणि आपण मालकीण असून चुलीपुढं. आठवड्यातला एक दिवस, जिथं घंटी ऐकू येत नाही न् थाळीही, अशा ठिकाणी जाऊन बसायचं, एवढीच तिची मागणी. तो दिवस मिळाला नाही तर एखाद्या सकाळी आपण त्या थाळीनं घंटी ठेचून काढू, अशी तिला स्वतःचीच भीती वाटायला लागली होती.

दोघांना घरी ठेवून जायची सोय नव्हती. एकदा ती शेळगावला लग्नाला गेली, तर आबांनी आमटी अळणी म्हणून पातेलं कोंबड्यांपुढं ओतलं आणि प्रयागबाई शेजारी जाऊन सांगून आल्या की सून गेल्यापासनं घरात चूल पेटलेली नाही. सून सकाळीच गेली होती आणि दुपारी परत आली होती. म्हणजे जायचं तर वरात घेऊनच जायला पाहिजे. आणि आबा तर फिरायचं नाव काढलं की उखडायचे.

"फिरायला मेंढरं जात्यात," आबा म्हणायचे. "निम्मी जिंदगी त्यांच्यामागं फिरलो. आता डिझेल जाळून फिरू?"

आबा जात नाहीत म्हणून प्रयागबाईही जायच्या नाहीत. एकट्या गेल्या तर मागं म्हातारा सुखात राहील, ते त्यांना बघवलं नसतं.

वाट सापडली ती एका खऱ्या दहाव्याला. शेळगावचा लांबचा एक सोयरा वारला आणि रविवारी त्याचा दहावा आला. आबा पहाटे उठून पटका बांधून तयार. घोंगडी झटकली, काठी पुसली. दिवसभर कुठं दुखलं नाही का खुपलं नाही. चार जुनी माणसं भेटली, कोण कसं बोललं त्याची उजळणी झाली, येताना त्यांनी स्वतःहून जीप थांबवून रस पाजला. प्रयागबाईंनी रसात आलं कमी आहे म्हणत दोन गिलास संपवले. त्या रात्री घंटी वाजलीच नाही.

सारजा अंथरुणात उठून बसली. म्हणजे म्हाताऱ्याला फिरायचं वावडं नाही. कामाला निघालो असं वाटलं की झालं. आणि या वयाला माणसाला काम ते काय उरतं? दहावा.

पुढच्या रविवारी सणसरच्या पंचक्रोशीत कुणाचा दहावाच आला नाही. मग सारजानं पहिला माणूस मारला.

"ह्यांच्या जीपला रोज येतोय त्यो मास्तर हाय का न्हाय, त्येचा चुलता," ती चहा देताना म्हणाली. "आज दहावा हाय म्हणं बारामतीच्या अंगाला."

"जीपचं गिऱ्हाईक म्हंजी घरातलाच माणूस," आबा म्हणाले आणि पटका मागितला.

संभाजीनं बायकोकडं बघितलं. बायकोनं असं काही बघितलं की तो गुमान जीप पुसायला गेला. निघायला मुद्दाम उशीर केला, पोचल्यावर सारजा कुठंतरी विचारून आल्यासारखं करून म्हणाली, उरकला म्हणं. आता आलोच आहोत तर कालव्याच्या कडेला भाकरी खाऊ. खाल्ली. झाडाखाली आबा घोरले, प्रयागबाईंनी हवेत गारठा आहे म्हणत पाय पाण्यात सोडले. सारजा नुसती बसून राहिली. कितीतरी दिवसांनी तिला आपल्या कानांचा विसर पडला होता.

त्याच्या पुढच्या रविवारी एक मावशी मारली, इंदापूरला. तिथं स्टँडसमोर भजी झाली. मग निमगावच्या वाटेवर एक निवृत्त पोलीस मारला. दरवेळी दहावा नेमका उरकलेला असायचा आणि भाकरी नेमकी बांधलेली असायची.

"हल्ली माणसं शुक्रवारीच का मरत्यात?" एकदा आबांनी जीपमध्ये विचारलं. "शुक्रवारी मेल्याबिगर दहावा आयतवारी येत न्हाय."

"साथ असंल, आबा," सारजा म्हणाली. संभाजीला ठसका लागला. प्रयागबाई म्हणाल्या, त्या मेल्यांना तरी एक वार धरून मरायचं कळतंय, आमच्या घरात कशाला काही धरबंद नाही.

आणि मग उजनी धरणाच्या फुगवट्याचा रविवार आला. ते पाणी बघायचं सारजाच्या फार दिवसांपासून मनात होतं. संभाजी सांगायचा, डोळा पुरत नाही एवढं पाणी, लांब पायांचे पक्षी, आणि माणसांना पलीकडं नेणारी लाँच. तिनं त्या पाण्याकाठचा एक बापूसाहेब मारून टाकला. पण आबा म्हणाले, "दरखेपी उरकलेल्या दहाव्याला जाऊन इज्जत घालवताय माझी. या टायमाला तांबडं फुटायच्या आत निघायचं."

आणि निघाले. सारजाला घोर लागला. लवकर पोचलो आणि तिथं दहावाच नसला म्हणजे? आबांना एकदा कळलं की कळलं. पुढं मेलेला सोडा, जिवंत माणसाला भेटायला जाऊया म्हटलं तरी ते खाटेवरनं हलायचे नाहीत, आणि आपला रविवार कायमचा गेला. सगळ्या रस्त्यात ती देवाकडं एकच मागत आली, एक मयत दे. मागून झाल्यावर तिला स्वतःची लाज वाटली.

देवानं ऐकलं. पाण्याच्या कडेला मांडव, पांढऱ्या टोप्या, भोंगा लावलेला आणि हार घातलेला फोटो. सारजा जागच्या जागी गार पडली. आबा मात्र काठी टेकत सरळ पुढं जाऊन बसले.

"कैलासवासी भिमाजी तात्या," भोंग्यातनं आवाज आला. आबांनी मान वळवून एकदा सुनेकडं बघितलं. बापूसाहेबाचा भिमाजी कसा झाला हे त्यांनी विचारलं नाही, नुसतं बघितलं. सारजानं पदर पुढं ओढला.

एवढा जाडजूड पटका आणि भारदस्त मिशा बघून कुणीतरी म्हणालं, पाहुण्यांनी दोन शब्द बोलावेत. आबा उठले. या गृहस्थाला त्यांनी उभ्या जन्मात बघितला नव्हता.

"देवमाणूस," आबा म्हणाले. "कुणाच्या अध्यात न्हाय का मध्यात न्हाय. बांधाला बांध असून कुणाशी वाकडा शबूद बोलला न्हाय."

मांडवात सगळ्यांनी माना खाली घातल्या. भिमाजी तात्यांचे बांधावरनं तीन खटले चालू होते आणि तिन्ही बांधकरी पहिल्या रांगेत बसले होते. त्यातल्या एकाला हसू आवरेना, त्यानं टॉवेल तोंडाला लावला. लोकांना वाटलं गहिवरला. आबांना आणखी स्फूर्ती आली, पण संभाजीनं हाताला धरून खाली बसवलं.

मग पिंड मांडला आणि सगळे मागं सरकले. कावळा बाभळीवर बसून होता. खाली काही येईना.

थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "तात्या, भावाला वाटणी नीट दीन." कावळ्यानं चोच फांदीला घासली. धाकटा म्हणाला, बहिणीचं माहेरपण तोडणार नाही. कावळ्यानं पाठ फिरवली. कुणीतरी म्हणालं, खटले मागं घेतो म्हणा. तेही म्हणून झालं, त्यावर बांधकऱ्यांनी ताबडतोब साक्षीदार कोण कोण आहेत ते बघून घेतलं. कावळा ढिम्म. ऊन चढलं, मुंडण केलेली डोकी भाजायला लागली. एकजण दर्भाचा कावळा करायला बसला.

बायकांत प्रयागबाईंच्या शेजारी तात्यांची म्हातारी बसली होती. ती कुणाला नाही, आपल्या पदरालाच सांगावं तसं पुटपुटली, "धरणाचं पाणी आलं तवापासनं म्हणत हुतं, लाँचीत बसवून पल्याड न्हेतो. पल्याड माझं म्हायेर. रोज म्हणायचं, उद्या जाऊ."

आता प्रयागबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे उभ्या सणसरला माहीत आहे. त्या तिथनंच ओरडल्या, "आरं, वाटण्या काय सांगताय? ह्या म्हातारीला लाँचीत बसवतो म्हणा की."

थोरला मुलगा ओशाळला. त्यानं आईकडं बघितलं, मग पिंडाकडं, आणि म्हणाला, "तात्या, आयेला आजच न्हेतो."

कावळा खाली आला आणि पिंडाला शिवला. आता उन्हानं त्याला भूक लागली असेल, का खरंच तात्या असतील, हे मी काही सांगू शकत नाही. पण ती म्हातारी जी रडली, ती बघून सारजाच्याही डोळ्यांना धार लागली. खोट्या दहाव्याला आलो आणि खरं रडलो, असं तिला वाटलं.

जीपकडं येता येता आबा मध्येच थांबले.

"प्रयागे," ते म्हणाले. बायकोला नावानं हाक मारलेली सारजानं पहिल्यांदा ऐकली. "तुझं काय राह्यलंय का?"

प्रयागबाईंनी नवऱ्याला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "बरंच हाय," त्या म्हणाल्या. "कुठनं सुरू करू?"

"हितनं कर. माझ्या टायमाला ही आसली अडचण नगं. उन्हात माणसं ताटकळून शिव्या देत्यात."

तर त्याच लाँचीत सगळे चढले. पुढं तात्यांची म्हातारी दोन मुलांच्या मध्ये, मागं ही चौघं. उभ्या जन्मात आबा गुडघ्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. त्यांनी एका हातानं कठडा धरला आणि दुसऱ्या हातानं प्रयागबाईंचं मनगट. प्रयागबाई वारा लई आहे म्हणाल्या, डिझेलचा वास येतो म्हणाल्या, बाकडं टोचतं म्हणाल्या. पण पाण्यावरची नजर त्यांनी हलवली नाही आणि मनगटही सोडवून घेतलं नाही. परत आल्यावर विचारलं, "आणखी एक फेरी व्हईल का?"

सांजच्याला घरी घंटी वाजली. सारजा चहा घेऊन गेली. आबांनी बशी हातात घेतली, पण प्यायले नाहीत.

"मेंढरं राखलीत म्या," ते म्हणाले. "काळोखात एक कमी झालं तरी कळायचं. मास्तराचा चुलता, मावशी, पोलीस. मला काय कळत न्हाय व्हय?"

सारजानंच उलट विचारलं, "मग येत हुतासा कशापायी?"

"ऱ्हावत न्हवतं म्हणून." आबांनी बशी खाली ठेवली. "सारजे, माझा कावळा अडला तर म्हातारीपायी न्हाय अडायचा. तुझ्यापायी अडंल. काय राह्यलंय तुझं, आत्ताच सांगून ठेव."

असं तिला त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. तिला एकदम भरून आलं, आणि भरून आलं असतानाच तिच्या तोंडून निघून गेलं, "ती घंटी सोडा की, आबा."

आबांनी घंटीकडं बघितलं. हात घंटीपर्यंत नेला. मग मागं घेतला.

"त्येवढं सोडून दुसरं माग," ते म्हणाले.

सारजा हसायला लागली, तोंडावर पदर धरून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत. आतल्या खोलीत थाळी वाजली. प्रयागबाईंना कळायला पाहिजे होतं, पुढच्या आयतवारी कुठं जायचंय.

"आलेच, आत्या," सारजा म्हणाली आणि वळली. मागनं आबांचा आवाज आला.

"आन् आता शुक्रवारी कुणाला मारू नगंस. आसंच जाऊ."