ई मधली नावं

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट देवळातली नाही, कॉम्प्युटरमधल्या कप्प्यांची आहे. पण ऐकता ऐकता हात जोडावेसे वाटले तर खुशाल जोडा.

एक स्टोअरकीपर होता. उभा जन्म कारखान्याच्या भांडारात गेलेला. तिथली त्याची पद्धत अशी, की माल मागच्या फडताळात आणि मालाचं कार्ड पुढच्या खणात. कार्ड दिसलं की माल आहे. घरच्या कॉम्प्युटरलाही त्याने हीच शिस्त लावली. हार्ड डिस्कचे तीन भाग पाडले: सी मध्ये सॉफ्टवेअर, डी मध्ये दिवंगत वडिलांनी गाऊन केलेल्या निरूपणांची रेकॉर्डिंग, ई मध्ये बाकीचा संसार. आणि डी मधल्या प्रत्येक निरूपणाचा एक शॉर्टकट, कार्डासारखा, ई मध्ये. बायको मात्र आवडतं ते एक निरूपण, शॉर्टकट नव्हे, अख्खी फाइल, सरळ स्क्रीनवर पुढ्यात ठेवायची. हा काय उकिरडा मांडलाय, म्हणून तो रोज तोंड वाजवी. ती भाजी चिरत सासऱ्यांना ऐकत राही.

त्याच्या थोरल्या भावाचे, दादांचे, कान उतरणीला लागले होते. डॉक्टर म्हणाले, ऐकू येतंय तोवर ऐकून घ्या. दादांनी निरोप धाडला, रविवारी येतो, वडिलांचा आवाज ऐकव.

धाकट्याला, म्हणजे आपल्या स्टोअरकीपरला वाटलं, आवाज स्वच्छ करणारं नवं सॉफ्टवेअर घालावं. तर सी तुडुंब. त्याला जागा द्यायची म्हणजे शेजारचा डी मोडायला हवा. आधी त्याने ई उघडला. सगळी निरूपणं नावानिशी रांगेत उभी. मान डोलावली, डी पुसला, सी रुंद केला, सॉफ्टवेअर घातलं. मग पहिल्या नावावर क्लिक केलं. फाइल सापडत नाही. दुसऱ्यावर केलं. सापडत नाही. खणात कार्डं शाबूत होती. फडताळ त्यानेच फोडलं होतं.

दुरुस्तीवाल्याने सांगितलं, त्या जागेवर नवं सॉफ्टवेअर जाऊन बसलंय, आता काही हाती लागायचं नाही. हा चरफडला, माउस आपटला, चहा नको म्हणाला, मग चहा का नाही म्हणून भांडला. बायकोने स्क्रीनवरच्या आपल्या फाइलकडे नुसतं बोट दाखवलं. स्क्रीनवरचं सी मध्येच राहतं. ते तेवढं वाचलं होतं.

दादा आले, स्पीकरला कान लावून बसले. वडिलांचा खडा सूर, मध्येच ठसका, साथीदाराला "जरा दमानं" अशी तंबी. आता ते संथ चालीचं लाव, म्हणाले. धाकट्याने सवयीने त्या नावावर क्लिक केलं. खोली गप्प. दादांनी कान आणखी टेकवला, डोळे मिटले.

"गेले रे. कान गेले माझे."

हे काही धाकट्याला सोसवेना. तो दादांच्या कानाशी ओरडला, "कान नाही गेले, दादा. मीच पुसलं. सगळं."

दादांनी डोळे उघडले. "मग ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला. पहिलंच लाव परत. आणि अक्कल कुठल्या कप्प्यात ठेवली होतीस, तेही शोध."

बायकोने लावलं.

धाकट्याने ई मधली नावं अजून पुसलेली नाहीत. अधूनमधून एखाद्यावर क्लिक करतो, फाइल सापडत नाही, हाच निरोप येतो, आणि हा पुन्हा स्वतःवरच दातओठ खातो. तुम्ही घरचं काही नीट लावायला बसाल, तेव्हा एवढं करा: त्या गाणाऱ्या वडिलांची आठवण काढा. नावं सगळी आहेत, आवाज एकच उरलाय.